पाडवा घरीच, पण घराला सुट्टी देऊन

'ताई, आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली. दिवाळी पहाटेला फडके रोडवर आमची ओळख झाली होती, त्यामुळे दिवाळी म्हणजे आमचा दोघांचा सण असं मला नेहमी वाटायचं. आता चार वर्षांची मुलगी आहे, सासूबाई आमच्याकडेच असतात, घर वन बीएचके. पाडव्याला सकाळी मी यांना ओवाळते, हे ताटात पाकीट ठेवतात आणि मी पुऱ्या तळायला जाते. झाला पाडवा! गेल्या 14 फेब्रुवारीला हॉटेलात गेलो, तर दीड तास बाहेर उभे. मुलगी रडून रडून झोपली आणि आम्ही वीस मिनिटांत जेवून उठलो. म्हणून यंदा पाडवाच घरी नीट साजरा करायचं मनात आहे. हे म्हणतात, "घरी काय करणार?" खरं तर मलाही काही सुचत नाही. आणि आणखी एक गोष्ट. सासरे तीन वर्षांपूर्वी गेले. मी यांना ओवाळायला घेतलं की सासूबाई उठून आत जातात. मग माझा हात जड होतो. काय करू?'

एक वाचक, डोंबिवली

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. 'आणि मी पुऱ्या तळायला जाते.' खरी मेख तिथेच आहे.

घरी साजरं करायचं म्हटलं की घरातल्या बाईच्या वाट्याला आणखी एक स्वयंपाक येतो. हॉटेलातलं जेवण कसंही असो, तिथे तुझ्यासमोर आयतं ताट येतं आणि उष्टी भांडी दुसरं कुणीतरी उचलतं. बाहेर जावंसं वाटतं ते बहुतेक वेळा एवढ्यासाठीच. म्हणून पाडवा घरी करायचा असेल तर त्या दिवशी आधी घराला सुट्टी दे. ती नसेल, तर मी पुढे जे जे सांगेन त्याने तुझी कामं तेवढी वाढतील.

तेव्हा यंदा पुऱ्या नाहीत. हे दिवाळीच्या आधीच सगळ्यांच्या कानावर घाल. पोळ्या पोळीभाजी केंद्रातून आण. डोंबिवलीत त्यांना तोटा नाही, फक्त पाडव्याला कोणतं उघडं आहे ते आधी विचारून ठेव आणि आगाऊ सांग. दुपारी वरणभात, एक भाजी, पोळ्या आणि श्रीखंड. रात्री मुगाची खिचडी, नाहीतर डब्यातला फराळच. चार दिवस खपून केलेली चकली शांतपणे बसून खायला दिवाळीत वेळ तरी कधी मिळतो?

श्रीखंड मात्र घरचं असू दे आणि ते तुझ्या नवऱ्याने करू दे. 'घरी काय करणार' याचं पहिलं उत्तर हे. अर्धा किलो चक्का तुम्हा चौघांना पुरून उरतो. त्याला साडेतीनशे ते चारशे ग्रॅम पिठीसाखर लागते, चक्का आंबट असेल तर जास्त. दोन्ही एकत्र करून तासभर झाकून ठेवायचं, मग पुरणयंत्रातून काढायचं. पुरणयंत्र नसेल तर पिठाची स्टीलची चाळणी पातेल्यावर उपडी धरायची आणि वरून चक्का तळहाताने घासायचा. एकट्याने केलं तर चाळणी सरकते, म्हणून ती दुसऱ्याने दोन्ही हातांनी घट्ट धरावी लागते. तेवढंच काम तू कर. चाळणीच्या खालच्या अंगाला चक्क्याचे मऊ पांढरे दोरे लोंबायला लागतात, ते बोटाने निपटून घ्यावे लागतात, आणि ते बोट कुणाच्या तोंडात जायचं हे तिथल्या तिथे ठरतं. शेवटी कोमट दुधात खललेलं केशर, वेलची, चिमूटभर जायफळ आणि चारोळी घालायची. मग दोन तास फ्रिजमध्ये.

आणि हे सगळं नियोजन तू एकटीने करू नकोस. तू यादी करायची, तू आठवण करायची, तू सामान आणायचं आणि त्याने येऊन बसायचं, असं झालं तर तो पुन्हा तुझाच कार्यक्रम होईल. तीन कामं त्याच्या नावावर लिहून टाक. चक्का आणणं, सोसायटीच्या गच्चीची किल्ली मिळवणं आणि खेळाचा पट तयार करणं. पट कसला ते पुढे सांगते. एकदा सांगितलंस की पुन्हा आठवण करायची नाही. विसरला तर त्या वर्षी श्रीखंड नाही. माझ्या अनुभवात, काम खरोखर अंगावर पडलं की पुरुष विसरत नाहीत. त्यांना आपण आठवण करायची सवय लावलेली असते.

आता सासूबाईंविषयी. पत्राच्या शेवटी तू हे जरा घाईघाईने लिहिलं आहेस, पण तुझ्या मनात हेच पहिलं असावं.

माझे वडील गेले त्यानंतरच्या पहिल्या पाडव्याला मी माहेरी होते. वहिनीने दादाला ओवाळायला घेतलं आणि आई गॅलरीत जाऊन तुळशीला पाणी घालायला लागली. पाणी कुंडीखालच्या बशीतून बाहेर वाहायला लागलं तरी ती घालतच होती. आम्हाला सगळ्यांना ते दिसलं, आणि कुणीच काही बोललं नाही. तिला त्रास नको म्हणून आपण गप्प आहोत, असं मला तेव्हा वाटत होतं. कितीतरी वर्षांनी ती मला म्हणाली, "त्या दिवशी कुणीतरी त्यांचं नाव काढायला हवं होतं गं." बाबा दर पाडव्याला ओवाळणीत रुपयाचं नाणं टाकायचे आणि मग शर्टाच्या खिशातून चुरगळलेला गजरा काढायचे. आई पाणी घालत होती तेव्हा तिच्या मनात तो गजरा होता. हे आम्ही कुणी तिला विचारलंच नव्हतं.

म्हणून सांगते, सासूबाई आत जातात ते रूढीमुळे की आठवणीमुळे, हे तू गृहीत धरू नकोस. विचार. सगळ्यांसमोर नको आणि पाडव्याच्या सकाळी तर मुळीच नको. आधी एखाद्या दुपारी, दोघी करंज्या भरायला बसाल तेव्हा विचार, "आई, तुमच्याकडे पाडवा कसा असायचा? बाबा काय घालायचे ओवाळणीत?" त्या बोलल्या तर ऐक. नाही बोलल्या तरी, तू विचारलंस हे त्यांच्या लक्षात राहील.

रूढीमुळे जात असतील, तर ती मोडायची जबाबदारी त्यांच्या लेकाची. त्याने त्यांचा हात धरून पाटावर बसवावं आणि तुम्ही तिघांनी त्यांना ओवाळावं. नात असली तर आजी नाही म्हणत नाहीत. कुंकू लावायचं का, हे त्यांचं त्यांना ठरवू दे. निरांजन लावायला आणि औक्षण करायला तर कुणाची हरकत असायचं कारणच नाही. 2022च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढून घ्यायचं नाही, असं अख्ख्या ग्रामपंचायतीने ठरवलं. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना त्यांचं अनुकरण करायला सांगितलं. एका गावाला जे जमलं, ते डोंबिवलीतल्या एका घराला अवघड नाही.

आणि आठवणीमुळे जात असतील, तर त्यांना जाऊ दे. दहा मिनिटांनी चहाचा कप घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बस. तेव्हाही तुझा हात जड व्हायचं कारण नाही. तू नवऱ्याला ओवाळतेस यात त्यांचं काही हिरावून घेत नाहीस.

सकाळचं एक सांगायचं राहिलं. पाडव्याला बायकोने नवऱ्याला तेल-उटणं लावून न्हाऊ घालायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. तुमच्याकडे असेल तर ती दोन्ही बाजूंनी करा. नसेल तर यंदापासून सुरू करा. त्याने तुझ्या डोक्याला तेल लावायचं. वाटीत खोबरेल तेल, ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेली, तू खाली आणि तो खुर्चीवर. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली तेव्हा माझ्या नवऱ्याने पहिल्यांदा माझ्या डोक्याला तेल लावलं. भांग कुठून पाडायचा हे त्याला कळेना. कानामागून तेलाचा एक ओघळ गाऊनच्या गळ्यापर्यंत गेला. मी डोळे मिटून बसले होते. घरात भांड्यांचा आवाज नव्हता, कुणी हाक मारत नव्हतं, आणि कानशिलावर त्याचे अंगठे गोल फिरत होते. आमच्या घरच्या सगळ्या पाडव्यांत मला तो आधी आठवतो.

ओवाळतानाही तसंच. तू त्याला ओवाळ, 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हण. मग ताट त्याच्या हातात दे आणि पाटावर तू बस. त्यानेही तुला ओवाळावं. ओवाळणीत पाकीट नको, दोघांनी एकेक चिठ्ठी घाला. चिठ्ठीत देण्यासारखं काहीतरी लिहायचं, आणि ते नेमकं हवं. 'तुझ्यावर प्रेम आहे' हे तुम्हा दोघांना ठाऊक आहे. 'डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी मुलीला मी सांभाळतो, तू मैत्रिणींकडे जा' ही खरी ओवाळणी.

दुपारी मुलीला झोपू देऊ नका. सगळी भिस्त त्यावर आहे. किल्ला केला असेल तर तिला संध्याकाळपर्यंत त्यावर खेळू दे. अंधार पडल्यावर जिन्यात पणत्या मांडायचं काम तिला द्या, पेटवायचं तुम्ही. नऊला डोळा लागेल. तुमच्या सोसायटीत गुजराती शेजारी असतील तर पाडवा म्हणजे त्यांचं नवं वर्ष, दिवसभर 'साल मुबारक' म्हणायला येणं-जाणं चालू राहणार. तेव्हा तुमची वेळ रात्री साडेनऊनंतरचीच. सासूबाईंना सरळ सांग, "आई, आम्ही दोघं तासभर गच्चीवर बसतोय, ही उठली तर हाक मारा." लपूनछपून जायची काही गरज नाही. तुम्ही नवरा-बायको आहात आणि पाडवा आहे.

आता पट. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बलिप्रतिपदा म्हणतात हे सगळ्यांना माहीत असतं. तिचं दुसरं नाव द्यूतप्रतिपदा. या दिवशी शंकर-पार्वती सोंगट्या खेळले आणि पार्वती जिंकली, अशी कथा आहे. वेरूळच्या लेण्यांत हा डाव एकाहून जास्त ठिकाणी कोरलेला आहे. रामेश्वर लेण्यात, म्हणजे 21 क्रमांकाच्या लेण्यात, तो आवर्जून बघ. वर दोघं खेळात गुंतलेली आणि खाली गणांनी नंदीला सतावून सोडलेलं. तुमच्या घरात लेक खाली दंगा घालत असते त्याहून फार वेगळं नाही ते. पाडवा हा नवरा-बायकोने मिळून खेळायचा दिवस आहे, हे मधल्या काळात आपण विसरलो आणि नुसतं ओवाळणं शिल्लक ठेवलं.

सारीपाट घरात असेल तर उत्तमच. नसेल तर चल्लस खेळा. गावोगावी याला वेगवेगळी नावं आहेत, नियमही थोडे इकडेतिकडे होतात. फरशीवर खडूने पाच बाय पाच घरांचा चौकोन आखायचा. चारही बाजूंच्या मधल्या घरात एकेक फुली आणि अगदी मधोमध एक. प्रत्येकाच्या चार सोंगट्या आपापल्या फुलीवरून निघतात. बाहेरच्या रांगेतून घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरायचं. समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या रांगेत जाता येत नाही. आत गेल्यावर दिशा बदलते आणि मधल्या फुलीत पोचली की सोंगटी घरी आली. फुलीवर बसलेल्या सोंगटीला मारता येत नाही. दान चार कवड्यांचं. जितक्या उताण्या पडतील तितकी घरं, चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ. चार किंवा आठ पडले, किंवा सोंगटी मारली, की पुन्हा दान.

कवड्या पूजासाहित्याच्या दुकानात मिळतात. पण मी म्हणेन, चिंचोके घ्या. चिंचोका फरशीवर उभा धरून बत्त्याने हलकेच ठोकला की त्याच्या दोन डाळी होतात. एक बाजू तपकिरी आणि गुळगुळीत, दुसरी पांढरी. दोन चिंचोक्यांत चार डाळी, झालं दान. मुठीत खुळखुळवून टाकले की फरशीवर त्यांचा बारीक कोरडा आवाज येतो. सोंगट्या म्हणून त्याला किल्ल्यावरचे चार मावळे, तुला चार बटणं. मावळे घेताना लेकीला विचारून घ्या.

पण लावायची पैसे नाहीत, कामं. रविवारी सकाळी मुलीला उठवून दूध देणं, महिनाभर रात्रीचा ओटा पुसणं, तुझ्या मावशीकडच्या बारशाला कंटाळा न करता येणं. ज्याला जे नको असतं ते त्याने डावावर लावायचं. खेळ रंगतो तो यानेच. शिवाय एरवी जे बोललं की भांडण होतं, ते डावावर लावलं की हसत बोललं जातं.

गच्चीवर सतरंजी, डासांची उदबत्ती, थर्मासमध्ये मसाला दूध आणि फराळाचा छोटा डबा. मोबाईल खाली घरात, मसाल्याच्या डब्यामागे. कोजागिरीला चंद्र असतो, पाडव्याला तो नसतो. आदल्या रात्रीची अमावास्या नुकती सरलेली असते, आकाश काळं असतं. दोन-तीन पणत्या कठड्याच्या आडोशाला ठेवा. धूर निवळला असेल तर पूर्वेला कृत्तिकांचा झुबका दिसेल. ज्या नक्षत्रावरून कार्तिक महिन्याला नाव मिळालं, ते हेच.

किल्ली मिळाली नाही तर हिरमुसून जाऊ नका. वन बीएचकेत रात्री दहानंतर एकच खोली रिकामी असते, ती म्हणजे स्वयंपाकघर. ओटा पुसलेला, ट्यूब बंद, ओट्यावर पणती आणि खाली सतरंजी. दिवसभर ज्या खोलीत तू एकटीच उभी असतेस, तिथे तुम्ही दोघं बसलेले. मला विचारशील तर हे गच्चीपेक्षाही छान.

खेळून झालं की एकमेकांसाठी उखाणे घ्या. लग्नातले पाठ केलेले नकोत. गेल्या वर्षभरात जे घडलं त्यातून तिथेच जुळवा. यमक जमलं नाही तरी चालेल. तू घेशील, 'गॅसवर ठेवलं दूध, उतू जाऊ दिलं नाही. अमुकरावांनी सहा वर्षांत मला एकटं राहू दिलं नाही.' आणि तो घेईल, 'गाडी चुकली ठाण्याची, पुढची आली भरून. अमुक वाट बघते दारात, शीण जातो विरून.' पहिला उखाणा घेताना तो लाजेल. त्याला वेळ दे. पुरुषांना बायकोविषयी चार शब्द यमकात म्हणायची संधी लग्नानंतर कुणी देतच नाही.

14 फेब्रुवारीही जरूर साजरी करा, हेच सगळं त्या रात्रीही करता येईल. तेव्हा हॉटेलच हवं असेल तर 13 किंवा 15 तारखेला जा, रांग नसते.

जाता जाता एकच. चक्का लक्ष्मीपूजनाच्या दुपारीच आणायला सांग, त्या संध्याकाळी डेअरी लवकर बंद होते. आणि सासूबाईंना चल्लस खेळता येतं का, ते आजच विचार. त्यांच्या पिढीतल्या बऱ्याच जणी परकराच्या ओच्यात चिंचोके घेऊन वाढल्या आहेत. येत असेल तर पाडव्याच्या दुपारी पट त्यांनाच आखू दे. पहिला डाव त्यांचा आणि नातीचा, रात्रीचा तुमचा.

तुझी,
ताई